रविवार कोरडा जाते

हसू नका, चहा सांडन. ब्याऐंशी-त्र्याऐंशीची गोष्ट असन. मी तवा सौंसरले मास्तर होतो. एका सरकारी हापिसात वीस वर्षांच्या पावसाचं रजिस्टर आहे म्हणून समजलं, अन् मले काही चैन पडेना. शाळा सुटली का तिथं जाऊन उतारे करू लागलो. शेती पंचांगावर कायले, आकड्यावर करू ना!

त्यात एक चीज सापडली. वीस वर्षांत रविवारी पाऊसच नाही. अन् सोमवारी धो धो.

आमची शेती मोठा भाऊ पाहे. त्याले म्हटलं, "दादा, भुईमूग शनिवारी उपट. रविवारी खयात पसरव, उन्हात सुकू दे."

"आभाय तं भरून राहिलं ना, मास्तर."

"आभायाले काय समजते? वीस वर्षांचा रेकॉर्ड आहे!"

रविवारी सकायपासून मी खयाभोवती येरझारा घालून राहिलो. दुपारी असा कोसळला का अर्ध्या शेंगा नालीतून वाहून गेल्या.

सोमवारी तणतणत हापिसात गेलो. बाबू पावसाच्या मापातलं पाणी मोजून रजिस्टरात लिहून राहिला होता, सोमवारच्या खान्यात.

"अहो, हा तं कालचा पाऊस!"

"काल सुट्टी होती ना, भाऊ. रविवारी मोजन कोण?"

घरी येऊन सारं सांगितलं. दादा चिखलातल्या शेंगा येचत होता. मान वर न करता म्हणाला, "रजिस्टर बरोबरच आहे, मास्तर. त्या पावसालेच सुट्टीचं कोणी सांगितलं नाही."