सासूबाईंनी न पाहिलेला सिनेमा

...छे छे, पहिल्या भागात मेलो होतो तेच बरं होतं! तुम्हाला सांगतो, सिनेमात जगबुडीनंतरचं आमचं कंपाला शहर, सरकार संपलंय, पिवळ्या कॅनमधल्या पाण्यासाठी माणसं एकमेकांच्या जिवावर उठलीयत, आणि मी? पहिल्याच मारामारीत लाथ खाऊन चिखलात पालथा! गल्लीभर सांगत फिरलो, अरे, तो पालथा मीच! लोक म्हणायचे, "कासुज्जा, पाठीवरून काय ओळखणार रे?"

म्हणून दिग्दर्शक मुकीबीच्या मागे हात धुऊन लागलो. दुसऱ्या भागात मला जिवंत कर, पण तोंड दिसलं पाहिजे. तो म्हणाला, "तू मेलायस ना?" म्हटलं, जगबुडीनंतर कोण चौकशी करतंय? झालो नायक! छातीला रक्त म्हणून लाल रंगानं भरलेल्या पिशव्या बांधून कराटे केले, एक दात गमावला, आणि जिथं बघाल तिथं माझं तोंड, हे एवढं मोठं!

पहिला खेळ वस्तीतल्याच व्हिडिओ हॉलमध्ये. आणि मागच्या बाकावर कोण? सासूबाई! आता आमच्यात सासू-जावयानं एकमेकांचं तोंड बघायचं नसतं. त्या रस्त्यात दिसल्या तर मी गटार ओलांडून पळतो. पण मारामारीच्या सिनेमांचं त्यांना भारी वेड, पहिला भाग पाहून खूश होत्या, "जावई किती मर्यादेनं पडला होता, तोंड खाली घालून!" त्यांना वाटलं, याही वेळी पालथाच असणार. आणि मला वाटलं, पडद्यावरचा जावई काय खरा जावई असतो? मी आपला दाराबाहेर उभा, कान लावून; आतलं सगळं नंतर लोकांनी सांगितलं.

आमच्याकडे पडद्याशेजारी माइकवाला बसतो, सिनेमाभर बडबडायला. आमचा सेमांडा. मी पडद्यावर आलो मात्र, हा गरजला, "बघा बघा, नाबुकीराचा नवरा!" नाबुकीरा म्हणजे माझी बायको. सासूबाईंनी झटक्यात डोक्यावरून शाल ओढली. शेजारच्या बायकांनीही ओढली, सोबत म्हणून! सेमांडाला दया आली. मी पडद्याबाहेर गेलो की म्हणायचा, "मावशी, गेला, काढा शाल." मी आलो की, "मावशी, आला!" थोड्या वेळानं अख्खा हॉल ओरडायला लागला, "मावशी, आला!" शाल वर, शाल खाली, लोक हसून लोळतायत, आणि तिकडे मी एकटा अख्ख्या टोळीला लोळवतोय, रक्ताच्या चिळकांड्या उडतायत, पण बघतंय कोण? सगळ्यांच्या माना मागं!

वाईट वाटलं हो. दात गेला माझा, आणि टाळ्या शालीला!

दुसऱ्या दिवशी ही रांग! मी छाती काढून उभा, तर जो तो विचारतोय, "मावशी आल्यात का?" सांगा, पहिल्या भागात मेलो होतो तेच बरं नव्हतं का?

शेवटी सासूबाईंनी बायकोच्या आत्याकडून निरोप धाडला. आत्या म्हणाली, "ती म्हणते, जावई फार छान मारतो असं ऐकलं. मलाही बघायचंय रे त्याला, काहीतरी कर." इतकी माणसं हसली, पण मला बघायची हौस एकट्या त्यांनाच! डोळे भरून आले माझे. तसाच मुकीबीकडे गेलो.

तर तिसऱ्या भागातही नायक मीच. पहिल्यापासून शेवटपर्यंत डोक्यावर पत्र्याची बादली. डोळ्यांपुरती भोकं पाडून घेतलीत... आणि काल आत्या परत आली. सासूबाईंचा निरोप आहे, भोकं जरा लहान ठेवा.