नाना, गोळी आणि जेल

तुमचे वडील हट्टी म्हणता? आमच्या नानांचं ऐका. सगळी नोकरी पलसाण्याच्या कापड रंगवायच्या डाईंग मिलमध्ये गेली. तिथला एकच धडा त्यांच्या डोक्यात पक्का बसलाय, विचारल्याशिवाय दोन केमिकल एकत्र करायची नाहीत. डॉक्टरांनी झोपेची गोळी आणि गुडघ्याला लावायचं जेल दिल्यापासून माझं डोकं खाल्लं, "दोन्ही एकत्र चालतं का?"

परवा सकाळी नाना हलवूनही उठेनात. माझा जीव टांगणीला! शेवटी डोळे उघडून म्हणतात कसे, "बघ, जेलची रिअ‍ॅक्शन!"

नेलं दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, "काका, दोन्ही मीच दिलंय. सांगितलं तेवढंच घ्या, काही होत नाही. आणखी कुठलं औषध चालू आहे?"

"छे! मी न विचारता काही घेतच नाही."

तेवढ्यात नानांना खोकला आला. त्यांनी खिशातून बाटली काढून चक्क दोन घोट घेतले.

डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "अहो, ह्या सिरपनं गुंगी येते! झोपेच्या गोळीबरोबर चालत नाही! विचारलं का नाही?"

नाना माझ्यावरच डाफरले, "हे कुठे औषध आहे? हे तर शेजारच्या जिग्नाबेननी दिलंय!"