शून्य तेलावर चाललेलं जहाज

तुम्ही हसाल, पण जयपूरला लेकीकडं माझा जीव जायची वेळ आली होती. जावई बनी पार्क भागातल्या घरातच कॉम्प्युटरवर बसून कंपनीसाठी कुठलं जहाज किती तेल जाळतंय ते बघत्यात. माझा पोरगा संतोष त्यातल्याच एका जहाजावर इंजिनात कामाला हाय.

परवा जावई म्हनले, "आबा, संतोषच्या जहाजाचं तेल शून्य दाखवतंय. मतलब, इंजिन बंद पडलं असेल."

"भर समुद्रात?"

"बघतो ना."

"बघताय काय, फोन लावा की त्याला."

चारदा लावला, लागंना. मी घरभर येरझाऱ्या घालाय लागलो. लेक म्हनली, "आबा, बसा तरी." म्हनलं, "तू गप."

पाचव्यांदा पोरानं उचलला. "आबा, इंजिन झकास चाललंय. तेल मोजायच्या मीटरची जाळी साफ करतोय, म्हणून तेल बाजूच्या पाइपातनं सोडलंय, ते मीटरला दिसत नाही. दाजींना कालच मेल केला होता."

मी जावयाकडं बघितलं.

"हां, आलाय," जावई म्हनले. "वाचायचा राहिला."

आता जावयाला शिव्या कशा द्यायच्या? फोन चालूच होता. सगळ्या संतोषला घातल्या.