हलणारं स्टिअरिंग

रेस हरलो की मी कारणं सांगतो म्हणता ना, मग हे एक ऐका.

तेव्हा मी लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचो, सिद्धार्थ नांदेडला बायोलॉजी. रविवारी पोरांची टेस्ट उरकली की दोघं आपापल्या घरून कॉम्प्युटरवर ऑनलाईन रेस लावायचो, एका टीमच्या दोन गाड्या. त्या दुपारी ठरलं होतं, त्यानं मागच्यांना अडवायचं आणि मी टायर न बदलता शेवटपर्यंत जायचं. तीन लॅप उरले, मी पहिला. गेममधले टायर झिजले तसं टेबलाला बसवलेलं स्टिअरिंग खऱ्या गाडीसारखं जोरात थरथरायला लागलं, त्यासोबत टेबल आणि फळीवरची स्टीलची भांडीही.

शेजारच्या खोलीत माझे वडील, अप्पा, झोपले होते. निलंग्याकडचा माणूस, त्र्याण्णवचा भूकंप बघितलेला. "भूकंप हाय, बाहेर चल," म्हणत त्यांनी मला दंडाला धरून अंगणात नेलं.

परत येऊन बघतो तर माझी गाडी भिंतीला, आणि सिद्धार्थचीही रस्त्यातच उभी. हेडफोनमध्ये अप्पांचा आवाज ऐकून तोही नांदेडात घरच्यांना घेऊन बाहेर पळाला होता.

मग मी सेटिंगमधून स्टिअरिंगची थरथर बंदच केली. पण त्यामुळं टायर कधी घसरतात ते हाताला कळेना, आम्ही दर रविवारी शेवटचे.

"का हरायलास रे?" अप्पांनी एकदा विचारलं. मी खरं ते सांगितलं.

पुढच्या रविवारी रेसच्या आधीच ते खुर्ची उचलून अंगणात जाऊन बसले, आणि तिथूनच म्हणाले, "हं, हलव आता."