शेजाऱ्यानं ओढलं म्हणे

परवा असलं डोकं फिरलं माझं, काय सांगू. आळे गावात आमची टोमॅटोची रोपवाटिका. रोपांचं सगळं बुकिंग वेबसाइटवर. रोपं लावणीला आलेली, दोन दिवसांत गेली नाहीत तर फेकायची, अन् वेबसाइट उघडंना. ज्या कंपनीनं आम्हाला वेबसाइटचा सर्व्हर खासगी म्हणून भाड्यानं दिला, तिथं फोन लावला.

"मॅडम, बऱ्याच गिऱ्हाइकांत मशीन एकच असतं. तुमच्या शेजारच्या गिऱ्हाइकानं लोड जास्त ओढला."

"मग खासगी कशाला म्हणालास? सामाईक म्हण की. आमच्या सामाईक विहिरीला पाळ्या असतात. माझ्या पाळीत कुणी मोटर चालू केली, तर मी त्याचा फ्यूज काढून घरी आणते. तू काढ त्याचा."

"ते मोठं गिऱ्हाईक आहे, मॅडम."

"मग पत्ता दे त्याचा. फ्यूज मी आणते."