डाव्या पायाचं काम

व्यायामोपचाराच्या खोलीबाहेर शिवणकाम करणाऱ्या बाई आखडलेलं मनगट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शेजारी दोघे भाऊ होते. थोरल्याच्या डाव्या पायाला पट्टा होता, जीभ मात्र ठणठणीत होती.

“दादा, आता ऑटोमॅटिक घे. क्लच नाही, डाव्या पायाला कामच नाही.”

“ती काय गाडी झाली? पाळणा झाला! बसा आणि झोके घ्या.”

“तुझ्यापेक्षा झटकन गिअर बदलते ती.”

“बदलते, पण मला न विचारता! आणि तिचं स्टिअरिंग? लोण्यात चमचा फिरवल्यासारखं. रस्ता हाताला कळायला नको?”

“आत्ता आत व्यायाम घेणाऱ्या ताई घसा कोरडा करून सांगत होत्या, पाऊल दाबा. तुझं पाऊल ढिम्म हललं नाही. क्लच काय मी येऊन दाबू?”

“तू? तू तर चढावर गाडी बंद पाडतोस!”

“म्हणूनच म्हणतो, क्लच म्हणजे गळ्यातलं लोढणं.”

“लोढणं? अरे गाढवा, वळण आलं की आधी ब्रेक, मग असा क्लच, तिसऱ्यावरून दुसरा, आणि इंजिन कसं वाघासारखं गुरगुरतं!”

पट्ट्यातलं पाऊल फरशीवर दाबलं गेलं आणि सावकाश वर आलं. थोरल्याचं तिकडे लक्षच नव्हतं.

“अहो, तुमचा पाय...” बाई म्हणाल्या.

धाकट्याने घाईघाईने ओठांवर बोट ठेवलं. त्याचे डोळे भरले होते.

बाई थोरल्याकडे वळल्या.

“नाही, म्हणजे, मला नाही हो कळलं. क्लच कसा म्हणालात? परत एकदा सांगा ना.”