सरजाबाईंचा मिक्सर आणि पाच स्विच

(लातूर. कोचिंग क्लासच्या मेसचं स्वयंपाकघर. अनंतराव सर क्लासचे मालक. तनुजा त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता क्लासचं नेटवर्क बघते. मेस सरजाबाईंची.)

तनुजा : ...म्हणजे रविवारी नऊशे मुलांचा ऑनलाइन पेपर शेंगदाण्याच्या चटणीनं बंद पाडला, सर.

सरजाबाई : मला काय ठाव? प्लग एकच हाय. नेटच्या डबीची पिन काढली, मिक्सर लावला. ती डबी मोठी सायबीण हाय, असं कुनी सांगितलं न्हाई.

अनंतराव : सगळे कॉम्प्युटर जोडणारा तो मुख्य स्विच स्वयंपाकघरात कोणी बसवला?

तनुजा : तुम्ही. इन्व्हर्टर इथंच आहे म्हणालात.

अनंतराव : बरं. आता वर ऑफिसात एक दणकट बसव, कुलपात. मेस धरून पाचही इमारतींचे स्विच त्याच्या हाताखाली. आपल्या बॅचेस कशा, गुणांप्रमाणे वरून खाली.

तनुजा : तो एक गेला की पाचही जातात. त्यापेक्षा रिंग करू. प्रत्येक स्विच शेजारच्याला जोडायचा, पाचवा परत पहिल्याला. मध्ये कुठं तुटलं तर निरोप उलट्या बाजूनं पोचतो.

अनंतराव : त्यात प्रमुख कोण?

तनुजा : कोणीच नाही.

अनंतराव : मग शिस्त?

तनुजा : तीच भानगड. सगळ्या वायरी चालू ठेवल्या तर एकच निरोप गोल गोल फिरत बसतो. म्हणून एक वायर जोडायची, पण बंद ठेवायची. दुसरी तुटली तरच ती कामाला लागते.

अनंतराव : एरवी वर्षभर नुसती बसून?

सरजाबाई : उपप्राचार्य सरांवानी.

अनंतराव : सरजाबाई, भात बघा.

तनुजा : सर, किनवटची चाळीस पोरं दोन गाड्या बदलून आली होती. होस्टेलच्या फुकट जागा याच पेपरावर ठरतात. या रविवारी परत येतील. तिसऱ्यांदा नाही येणार.

अनंतराव : कळतं मला. पण वरून खाली असलं की चूक कोणाची ते सापडतं.

तनुजा : चूक मागच्या रविवारीही सापडली. पेपर नाही झाला. एक विचारू? आपल्या प्रत्येक वर्गाला दोन दारं का? मागच्या दारानं पोरं पळतात, सगळे शिक्षक बोंबलून राहिले. तुम्ही बुजवू देत नाही.

अनंतराव : ते वेगळं.

सरजाबाई : येगळं काय त्यात? सर आमच्याच गावचे. गल्लीला तोंड एकच. भूकंपात त्याच्यावरच माडी पडली. मिल्ट्रीवाले पल्याड हुभे, आत मान्सं हाका मारून राहिली. दुपार झाली वाट करायला.

अनंतराव : रस्ता रुंद होता तो. गावातला सगळ्यात रुंद. बरं, पाचव्या इमारतीतून पहिलीत परत येणारी वायर कुठून आणणार?

तनुजा : त्याच पाइपातून. जमिनीत पुरलेला आहेच.

अनंतराव : मग कसली रिंग ती? पाइपावर जेसीबी चालला की येणारी आणि जाणारी, दोन्ही तुटतील. ती गच्चीवरून आण.

तनुजा : हो सर. हे लक्षातच नाही आलं.

सरजाबाई : आन् माझा मिक्सर?

अनंतराव : शनिवारी सकाळी सगळे कॉम्प्युटर चालू करतो. मग तुम्ही डबी काढा आणि चटणी वाटा. बंद व्हायचं तर एकट्या मेसचं होऊ दे, बाकी चार इमारती चालल्या पाहिजेत.

सरजाबाई : किती वाटू?

अनंतराव : मी बस म्हणेपर्यंत.